लाल झाकणाखालचं मीठ

"आल्या अळणीबाई," मी ताट टेबलावर ठेवायच्या आतच निवृत्तीमामा म्हणाले. "आज काय आणलंय? दुधी, का दुधीची बहीण?"

"पडवळ."

"म्हंजे बहीणच की."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, चांगुणामामींनी, हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मी ताटावरचं लाल झाकण काढलं. बाजरीची भाकरी, पडवळाची भाजी, मुगाची पातळ आमटी. मिठाचा कण कशातच नाही. मामांनी आमटीत बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटून घेतले.

"जन्मभर एष्टीत चाकरी केली," ते म्हणाले. "सिन्नर स्टँडावर कंट्रोलर होतो. कसकसले चहा प्यालो तिथं. पर ह्याच्यापुढं तेबी बरे होते म्हनायचे."

"जेवा. अर्धी तरी भाकरी संपली पाहिजे. मी परत येऊन ताट बघणार आहे."

"बघा, बघा. तुमच्या परीक्षेला येतंय ना माझं ताट?"

ते खरंच होतं. तेव्हा मी नाशिकच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात उमेदवारी करत होते. आहारतज्ज्ञ म्हणून रीतसर नोंदणी हवी असेल तर पोषणशास्त्राची पदवी, वर एम.एस्सी., मग सहा महिने रुग्णालयात कुणा नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या हाताखाली काम, आणि त्यानंतर लेखी परीक्षा. त्यात पास झालं की नावापुढे आर.डी. ही दोन अक्षरं लागतात. या दोन अक्षरांसाठी मी चाळीसगावहून आले होते. घरी कुणालाच हे नीट समजलेलं नव्हतं. इतकं शिकून लोकांना दुधी खा म्हणून सांगायचं का, असं माझी आत्या चारचौघांत विचारायची आणि माझ्याकडे उत्तर असूनही ते द्यायला तोंड उघडायचं नाही.

आमच्या प्रमुख पेडणेकर मॅडम. बारीक चणीची, मोठ्या आवाजाची बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. अळणी स्वयंपाकाची पातेली वेगळी, ती ठेवायचा ओटा वेगळा, आणि त्या ताटांवर लाल झाकण. "हे झाकण म्हणजे आपला शब्द आहे, वृंदा," त्या म्हणाल्या. "लाल झाकणाखाली मीठ निघालं तर वॉर्डातली सिस्टर उद्यापासून आपल्या एकाही ताटावर विश्वास ठेवणार नाही. आणि पेशंटशी जेवणाबद्दल खोटं बोलायचं नाही. औषध त्याला कळत नाही, इंजेक्शन कळत नाही. घास तेवढा त्याला कळतो. तिथं फसवलंस तर संपलं." मी हे वहीत नाही, डोक्यात लिहून ठेवलं. मला नियम आवडायचे. नियम पाळले की आपण बरोबर असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

निवृत्ती गुंजाळांचं हृदय थकलं होतं. वर्षभर ते आत-बाहेर करत होते. पायाला सूज आली, दम लागला की यायचे, उतार पडला की घरी जायचे. मीठ बंद, पाणी मोजून. माझ्या उमेदवारीत एक रुग्ण सविस्तर अभ्यासून मांडायचा होता आणि मी त्यांना निवडलं होतं. त्यामुळे दिवसातून तीनदा त्यांच्या खाटेशी जायचे, उरलेलं अन्न तोलायचे, आणि शिव्या खायचे. शिव्या म्हणजे चेष्टाच. माणूस मोठा बोलका होता. फक्त एकदा मी विचारलं, मुलंबाळं किती, तेव्हा ते भिंतीकडे वळले आणि मामी घाईघाईनं म्हणाल्या, "एक लेक हाये. लांब असती." मी पुन्हा विचारलं नाही.

त्या खेपेला मात्र उतार पडला नाही. एका सकाळी वॉर्डच्या डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवलं. "गुंजाळांचं पथ्य सोड," ते म्हणाले. "जे मागतील ते दे. मीठसुद्धा. आता त्यानं काही बिघडणार नाही."

"बरे होतायत?" मी विचारलं. मला खरंच तसं वाटलं.

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "बायकोशी बोललोय मी," ते म्हणाले, आणि वर निघून गेले.

मी जिन्यातच उभी राहिले. पथ्य सुटणं ही पेशंटला द्यायची सगळ्यात गोड बातमी, असं आम्हाला शिकवलं होतं. तिचा असाही अर्थ असतो हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला रडू आलं आणि रडायला जागा नव्हती, म्हणून खाली भाजीच्या कोठीत गेले.

मामी मला शोधत तिथंच आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"ताई, ह्यांना कळता कामा न्हाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हनले, सांगा हळूच. मी न्हाई सांगनार. ह्यांनी पुढच्या पेरणीची बोलणी करून ठेवलीत. कळलं तर आजच हातपाय गाळतील."

"मग त्यांना हवं ते जेवण कसं द्यायचं? मीठ लागलं की विचारतील ना, आज कसं काय म्हणून."

"ताट तेच द्या. लाल झाकणाचं. वरून सांगा अळणीच हाये म्हनून. पर आत जरासं मीठ असू द्या. माणूस वरीसभर तरसलाय हो."

मी त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडमनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. "लाल झाकणाखाली माझ्या स्वयंपाकघरातून मीठ जाणार नाही," त्या म्हणाल्या. मामी उठायला लागल्या तसा मॅडमनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "पण झाकण वॉर्डात पोचल्यावर माझं काम संपतं. तिथं दूध तापवायची खोली आहे ना, नातेवाइकांची? तिथं तुमच्या ताटात तुम्ही काय घालता ते बघायला मी येत नाही. आणि वृंदा, तू त्यांच्याशी खोटं बोलायचं नाहीस. अळणी आहे म्हणायचं नाही, खारं आहे म्हणायचं नाही. ताट ठेवायचं आणि यायचं."

त्या दुपारी मी ताट मामींच्या हातात दिलं. त्यांनी खोलीत जाऊन कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी काढली, चिमटीनं आमटीत मीठ घातलं, बोटानं ढवळलं आणि झाकण पुन्हा नीट बसवलं. आम्ही दोघी खाटेशी आलो.

मामांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला. चावता चावता थांबले. आमटीकडे पाहिलं. मग मामींकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मामी पंख्याचं बटण बघत होत्या.

"काय हो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," मामा म्हणाले. "अळणी. दुसरं काय असनार ह्या बाईच्या राज्यात?"

मामींचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "लागलं न्हाई की हो त्यांना मीठ. चांगलं चिमटीभर घातलं मी."

"होतं असं," मी म्हटलं. "औषधांनी जिभेची चव जाते, मामी." हे खोटं नव्हतं, काही जणांची जाते. धडाच होता आम्हाला.

"मंग जास्ती घालू?"

"घाला थोडं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन चिमट्या घातल्या. मामा जेवले. "अळणीच," ते म्हणाले, "पर भूक हाये." तिसऱ्या दिवशी आणखी. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. स्टँडावर एकदा लग्नाचं वऱ्हाड चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावाला उतरलं, आणि तिथल्या लोकांनी पाहुणे म्हणून त्यांना जेवू घातलं, तो किस्सा त्यांनी सांगितला. मामी हसल्या. तो त्यांनी शंभरदा ऐकलेला असणार, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसल्या. मला वाटलं, बरं चाललंय. दोघं सुखात आहेत, आणि मी काही खोटं बोललेले नाही.

मग एका संध्याकाळी मामींनी मला दूध तापवायच्या खोलीत हाक मारली. आमटीची वाटी माझ्यापुढे धरली. "ताई, तुमी चाखून सांगा. रोज अळणी म्हनतात. मला कळना किती घालू."

"तुम्हीच चाखा ना."

"मी मीठ सोडलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांचं बंद झालं त्या दिवसापासून. ह्यांना न्हाई तर मला कशाला? हे मीठ खायला लागतील तवाच खाईन म्हनलं होतं."

"पण आता तर ते..."

"हे काय खरं खानं हाये का, ताई?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मी चमचाभर आमटी तोंडात घातली आणि मोरीकडे धावले. थुंकून टाकली, दोनदा चूळ भरली, तरी घशाशी जळजळ राहिली. ती आमटी नव्हती, लोणच्याचा खार होता. मामी घाबरून बघत होत्या.

"जास्ती झालं?"

"थोडं," मी म्हटलं. "थांबा, मी आधी डॉक्टरांना विचारून येते."

डॉक्टर म्हणाले, जेमतेम चार घास जातात पोटात, त्यानं काही फरक पडत नाही, पण कमी करायला सांग. मी परत आले तेव्हा आमटी निवेल म्हणून मामी ताट मामांपुढे ठेवून औषध आणायला खाली गेल्या होत्या. त्यांनी घास घेतला होता. डोळ्यांत पाणी उभं होतं आणि ते पेल्यातलं पाणी घटाघट पीत होते. मला पाहून पेला खाली ठेवला.

"मामा," मी म्हटलं, "आमटी खारट झाली आहे."

"खारट?" ते खोकत खोकत हसले. "समुद्र हाये, समुद्र. जहाज चाललं तरी चालंल त्यात."

मी स्टुलावर बसले. "मग अळणी का म्हणता रोज?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मामी नाहीत याची खात्री केली.

"पहिल्या घासालाच कळलं मला," ते म्हणाले. "वरीसभर चिमटीभर मिठासाठी भांडलो मी. तुमच्याशी, त्या सिस्टरशी, डॉक्टरशी. कुणी दिलं न्हाई. आन एक दिवस आपसूक आलं. ज्याला बरं करायचंय त्याला कुणी मीठ देतं व्हय? एवढं मला कळतं. जन्म गेला स्टँडावर. कुठली गाडी सुटनार आन कुठली न्हाई, हे डायवरच्या तोंडावरून कळायचं मला. आन ही तर माझी बायको."

"मग मामींना सांगा ना. त्यांना वाटतंय तुमची चव गेली."

"वाटू द्या. मीठ लागतंय म्हनलो तर तिला कळंल की मला कळलं. मंग ती बसंल रडत. आता कशी, वाटीत मीठ घालायच्या नादात तेवढी ऱ्हाती. ती हसती अजून. तुमी बघितलं ना?"

मी मान हलवली.

"एक मानूस बघायचं ऱ्हायलं," ते थोड्या वेळानं म्हणाले. "पर बोलाव म्हनलं तर तिला कळंल. जाऊ द्या."

"कोण, मामा?"

"जाऊ द्या म्हनलं ना." ते उशीवर मागे टेकले. दम लागला होता. "तुमी एक करा. तिला सांगायचं न्हाई हे. मी गेल्यावरबी न्हाई. सांगनार न्हाई ना?"

"नाही."

"आन त्या मिठाचं तेवढं बघा. काहीतरी निमित्त काढा, तुमी शिकलेल्या हायेत. आतडी जळाली माझी."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. ते बघून तेही हसले. मामी औषध घेऊन आल्या तेव्हा ते त्यांना म्हणाले, "बघ, ह्या बाईला तिचं जेवन अळणी हाये म्हनलं तर रडाया लागली."

बाहेर आल्यावर मी मामींना सांगितलं की जास्त मिठानं पोट फुगतं, रात्रीपासून एकच चिमूट घालायची. त्यांनी निमूट ऐकलं. त्या रात्री मामा पाऊण भाकरी जेवले आणि आमटी मागून घेतली. अळणी आहे, पण जमली आहे, असं म्हणाले म्हणे. मामींनीच ते मला सांगितलं, मी घरी निघताना, जिन्यापर्यंत येऊन. मी ठरवलं होतं, उद्या सकाळी त्या माणसाचं नाव काढून घ्यायचं. हट्ट धरून बसायचं खाटेशी.

सकाळी मी आले तेव्हा खाट रिकामी होती. पहाटे झोपेतच गेले, असं सिस्टर म्हणाली. मामी गावच्या गाडीतून त्यांना घेऊन निघूनही गेल्या होत्या. स्वयंपाकघराला कुणी कळवलं नव्हतं, म्हणून लाल झाकणाचं ताट वर आलं होतं. ते मी स्वतः खाली नेलं.

मामी पुन्हा आल्या तेव्हा माझी उमेदवारी संपत आली होती. मॅडम आपल्या टेबलाशी माझा अहवाल वाचत होत्या, मी समोर बसले होते. मामींना मृत्यूच्या दाखल्याच्या कामासाठी कचेरीत बोलावलं होतं, ते उरकून त्या आमच्या खोलीशी आल्या. बरोबर दिरांचा मुलगा होता, तो बाहेरच थांबला. मॅडमनी मामींना खुर्ची दिली, पाणी दिलं. मामी बारीक झाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी बाजरीचं पीठ काढून माझ्यापुढे ठेवलं. "घरचं हाये," म्हणाल्या.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "एक मनाला लागून ऱ्हायलंय, ताई. वरीसभर ज्याच्यासाठी हे झुरले, ते ताटात आलं आन त्यांना लागलं न्हाई. रोज अळणी, रोज अळणी. शेवटच्या घासाला तरी चव लागायला पाहिजे होती मानसाला."

मॅडमनी अहवालातून मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायचं, असं माझ्या मनात आलं. माणूस गेला, वचन कुणाला पाळायचं? मामी, त्यांना चव लागत होती, शेवटची आमटी त्यांनी मागून घेतली ती गोड लागली म्हणूनच. एवढं म्हटलं असतं तर या बाईच्या छातीवरचा दगड उतरला असता. मी तोंड उघडलं होतं.

"पर एक बरं झालं," मामी म्हणाल्या. "त्यांना शेवटपातुर कळलं न्हाई."

मी थांबले.

"सुनंदाला बोलवायचं होतं मला. आमची लेक. सुरतेला असती. मनाजोगतं लगीन केलं तिनं, म्हनून हे बोलत नव्हते तिच्याशी, लई वर्सं झाली. ती रोज फोन करायची मला. येऊ का आई, येऊ का. मी म्हनलं, नको. तू दारात उभी ऱ्हायलीस तर त्यांना लगेच कळंल, का आली ते. नको येऊस. ती रडली, पर आली न्हाई." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "दहाव्याला आली, तवा म्हनली, आई, मला बघू दिलं न्हाईस. मी म्हनलं, तुझ्या बापाला भ्या वाटू न्हाई म्हनून केलं मी. त्यांना ठावं असतं, तर गोष्ट येगळी. मंग तर मीच बोलावलं असतं तुला, पहिल्या गाडीनं."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी ताटं मोजत होतं. एक माणूस बघायचं राहिलं, असं ते म्हणाले होते, आणि मी नाव विचारलं होतं.

"त्यांना कळलं नव्हतं ना, ताई?" मामींनी विचारलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. "तुमी रोज असायच्या जवळ. तुमाला काय बोलले असतील म्हनून इचारते. कळलं नव्हतं ना?"

"नाही, मामी," मी म्हटलं. "नव्हतं कळलं."

"आन मीठ?"

मॅडम आता माझ्याकडे बघत होत्या.

"लागतच नव्हतं त्यांना," मी म्हणाले. "औषधांनी जाते जिभेची चव."

"व्हय," मामी म्हणाल्या. "तुमी म्हनल्या होत्या तसं." मग त्यांनी डोळे पुसले आणि बाहेरच्या पोराला हाक मारली, कारण त्यांना पाचची सिन्नरची गाडी गाठायची होती.